पात्याचं कपाळ

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
२२ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण लॅबच्या फरशीवर तेल सांडलंय. तेव्हा उभ्यानंच घालते, चालवून घे.

तू पोस्टातून निवृत्त झालीस, पण पोस्ट काही तुझ्यातून निवृत्त होत नाही. फोन केला की "जेवलीस का" एवढं विचारतेस आणि म्हणतेस, बाकीचं पत्रात लिही, नाहीतर देवगाव रंगारीचं पोस्ट बंद पडायचं. माझ्या एकटीच्या पत्रांवर सरकारचं अख्खं खातं चालतं हे मला ठाऊक नव्हतं. पण भुईमुगाच्या शेंगांची पिशवी पत्राला उत्तर दिल्यावरच येते हे ठाऊक आहे, म्हणून बसले लिहायला.

बापू विचारतात की पोरगी शहरात नक्की काय करते म्हणून लोकांना सांगू. तर सांग त्यांना, पोरगी वारा बघते.

आमच्याकडं वाऱ्याचा बोगदा आहे. नाव मोठं आणि वस्तू म्हणजे एक लांबडं लाकडी खोकं, टोकाला भला मोठा पंखा. आत विमानाच्या पंखासारखं एक पातं बसवतात आणि मोटर त्याला वरखाली डोलावते, अगदी नंदीबैलासारखं. वारा पात्यावरून जाताना आधी शिस्तीत सरकतो, शाळेतल्या रांगेसारखा. मग एका जागी रांग मोडते आणि त्याचा नुसता धिंगाणा सुरू होतो. ती जागा कुठं आहे आणि पातं डोललं की ती कशी पुढंमागं सरकते, एवढंच मला शोधायचंय. वारा काही दिसत नाही, पण ऊब दिसते. पातं दिव्यांनी तापवायचं आणि ऊब टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे. जिथं धिंगाणा, तिथं पातं लवकर निवतं. बशीतला चहा फुंकल्यावर निवतो ना, तसं.

आता दुःखाचं. कॅमेरा पुण्याच्या एका संस्थेचा आहे आणि दिवाळीआधी परत जायचाय. आत्तापर्यंत त्यात मला फक्त माझंच तोंड दिसलंय, कारण चकचकीत धातू त्याच्यापुढं आरसा होतो. नवं पातं येतंय, त्याला काळा रंग द्यायचाय. त्यावरही काही दिसलं नाही तर माझा विषय बदलणार. आमचे पाथ्रीकर सर म्हणाले, "नाय दिसलं तर पाइपाचा गंज घे, सोनिया. गंज लई शांत विषय आहे."

मला शांत विषय नकोय, आत्या. मी या वाऱ्यामागं वर्षभर वेड्यासारखी धावतेय. तो एकदा तरी मला दिसावा.

तुझी,
सोनिया

---

देवगाव रंगारी
२५ सप्टेंबर

चि. सोनियास उभ्यानंच आशीर्वाद, कारण माझे गुडघेही बसू देत नाहीत.

तुझ्या बापानं पारावर सांगितलं, पोरगी वारा बघते. धोंडिबा लगेच म्हणाला, "मंग पाऊस कधी थांबतो त्ये बी इचार तिला." तेव्हापासून बापू तुझ्याबद्दल कुणाला काही सांगत नाहीत. आता तू आणि ते बघून घ्या.

गंजाला हात लावू नकोस. ज्याला शांत विषय हवा त्यानं झोपावं.

माझंही एक दुखणं ऐक. नोकरीत होते तोवर दर खंडेनवमीला पोस्टाचा शिक्का, तराजू आणि पत्रांची पिशवी पाटावर मांडायची आणि हळदीकुंकवाची पाच बोटं उमटवायची. लोक हत्यारं पुजतात, माझं हत्यार तेच. यंदा पाट रिकामा. आमचे हे म्हणतात, कडबाकुट्टी मांड. जिनं माझ्या मधल्या बोटाचं पेर नेलं तिला मी कुंकू लावायचं म्हणे. मी सांगितलं, तुम्हीच लावा आणि सांभाळून लावा.

तेव्हा ठरलं. या खंडेनवमीला पहिल्या एसटीनं तुझ्याकडं येते. तुझं ते लाकडी खोकं तरी पुजीन. पुरणपोळ्या आणते, सरांना सांगून ठेव. शेंगा सोबत.

तुझी आत्या,
लीलाबाई

---

हर्सूल
८ ऑक्टोबर

ती. आत्या,

आज नमस्कार नाही, आज नाच. बसून वाच. गुडघे नाही म्हणाले तरी बस.

आधी तुझ्या भेटीचं. तू गेल्यापासून लॅबमध्ये मला कुणी विचारत नाही, सगळे "पुरणपोळीवाल्या आत्या परत कधी येणार" एवढंच विचारतात. पंख्याच्या दाराला तू कुंकू लावलंस, सर ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. एकच गोष्ट मनाला लागली. तुला नवं पातं दाखवलं तेव्हा तू लहान मुलासारखं विचारलंस, "याचं तोंड कंचं अन् शेपूट कंचं?" मी म्हणाले, जी कड वाऱ्याला आधी भेटते ते त्याचं कपाळ समज. मग मी चहा सांगायला गेले. परत आले तर तू हात पाठीमागं धरून खिडकीबाहेर बघत होतीस. पातं तेवढं जुन्या धोतरात नीट गुंडाळून ठेवलं होतंस. मला वाटलं, कंटाळली बिचारी.

ते गुंडाळलेलं पातं तसंच रंगवायला शहागंजात गेलं. तिथं तौफिक नावाचा एक जण गाड्यांच्या टाक्या रंगवतो, असा काळा देतो की काजळ लाजेल. परत देताना म्हणाला, "मॅडम, एकदम इज्जतीनं रंगवलंय." इज्जतीनं रंगवणं म्हणजे काय असतं देव जाणे, पण रंग झकास होता. मी हातमोजे घालून ते बसवलं आणि दारावर पाटी लावली, पात्याला कुणीही हात लावू नये. अगं, नुसतं बोट लागलं तरी त्याची ऊब कॅमेऱ्यात दिसते. मी स्वतःसुद्धा त्याला कधी उघडा हात लावलेला नाही.

आणि काल, आत्या, काल वारा दिसला.

दिवे लावले, पंखा सोडला, पातं डोलायला लागलं आणि पडद्यावर पात्याच्या पुढच्या कडेपासून मागं पसरत जाणाऱ्या गार रेघा उमटल्या. होडीमागं पाण्यात पसरतात तशा. गुळगुळीत पात्यावर अशा रेघा यायचं काही कारण नाही. मी कॅमेरा बंद करून परत लावला. पुन्हा त्याच. सर चष्मा पुसून आले, पुन्हा त्याच. मोजून पाच रेघा. चार जवळजवळ आणि पाचवी जरा लांब, रुसून बसल्यासारखी. त्या चारांतलीही एक अर्धवट आहे, बाकीच्यांच्या मागून सुरू होते. त्या अर्धवट रेघेवर सर आणि मी दुपारभर भांडलो. शेवटी सरांचं मत पडलं की पातं डोलण्यामुळं वाऱ्यात आपोआप अशा रेघा तयार होत असाव्यात आणि हे अजून कुणी पाहिलेलं नसावं. मी म्हटलं, याला आपण 'पंजा' म्हणू. सर म्हणाले, "निवडणुकीचे दिवस आहेत बाई, दुसरं नाव शोध."

सरांनी लगेच पुण्याच्या कर्णिक मॅडमना कळवलं. कॅमेरा त्यांचाच. त्या सतरा तारखेला स्वतः बघायला येतायत. नवा शोध पटला तर कॅमेरा राहील, विषय राहील आणि गंज गेला खड्ड्यात.

मला जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि रिक्षावाल्याला मी काल घराऐवजी 'पुढच्या कडेला' सोडायला सांगितलं. शेंगा संपल्या.

तुझी वेडी,
सोनिया

---

देवगाव रंगारी
११ ऑक्टोबर

चि. सोनिया,

तुझं पत्र मी आधी मनात वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं, मग शेजारच्या सारजाबाईला आणि मग गल्लीला. तुझा बाप पुन्हा पारावर गेलाय. धोंडिबाला आज जेवायला उशीर होणार.

पण बाळे, तुझे सर एवढे शिकलेले आणि पाच रेघा कुठून आल्या म्हणून दुपारभर भांडतात? मला विचारायचं. माझीच बोटं ती.

तू चहा सांगायला गेलीस तेव्हा मी पात्याच्या कपाळाला कुंकवाची पाच बोटं उमटवली. कपाळ कुठलं ते तूच सांगितलं होतंस. कोरडं कुंकू धातूवर ठरेना, म्हणून पिशवीतल्या बाटलीतलं एरंडेल घातलं आणि चांगलं घट्ट कालवलं. नीट दाबून लावलं, तुझ्या पंख्याच्या वाऱ्यानं जायला नको म्हणून. तू रागावशील म्हणून बोलले नाही आणि वरून धोतर गुंडाळलं. लांब रुसून बसलेली रेघ म्हणजे माझा अंगठा. आणि ती अर्धवट वाचून मला हसू आवरेना, अगं, ते कडबाकुट्टीनं पेर नेलेलं बोट. बोटच मागं आहे तर रेघ पुढून कशी सुरू होईल?

मी नाही का म्हणाले, हत्याराला कुंकू लावलं की ते पावतं. पाच बोटांना पाच रेघा दिल्या, एकही कमी नाही. पुण्याच्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, बोटं देवगावची आहेत.

शेंगा दुप्पट पाठवतेय.

तुझी,
आत्या

---

हर्सूल
१३ ऑक्टोबर

आत्या, आत्या, आत्या,

तुझं पत्र लॅबच्या पायरीवरच वाचलं. मग हसायला लागले. मग रडायला लागले. शिपाई पाणी घेऊन आला, त्याला वाटलं गावाकडं कुणी गेलं.

तरी मनात एक आशा होती की कुंकू रंगाआधी पुसलं गेलं असेल. रंग देण्याआधी पातं घासून पुसून घेतात, तशी पद्धतच आहे. म्हणून तडक शहागंज गाठलं. तौफिक एक टाकी रंगवत होता. मी म्हटलं, भाऊ, पात्यावर काही होतं का?

तो म्हणाला, "था ना मॅडम. पूजेचं कुंकू होतं. मी कसं पुसू? आमच्याकडं दसऱ्याच्या गाड्या येतात, हार काढून ठेवतो, कुंकवाला हात नाय लावत. ऊपर से दो कोट मारे, एकदम सँभालके. बोला था ना तुमको, इज्जतीनं रंगवलंय."

अशी सगळी इज्जत झाली बघ. तू लावलंस, त्यानं जपलं आणि मी पाटी लावली की कुणी हात लावू नये. काळ्या रंगाखाली तुझी पाच बोटं फुगून बसलीयत आणि मी एकदा जरी बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. आज हातमोजा काढून फिरवलं. खरखर लागली, पाची ठिकाणी. वारा त्या खरखरीला अडखळतो आणि तिथून त्याची रांग मोडते. एवढाच आमचा जगावेगळा शोध.

सतरा तारखेला काय तोंड दाखवू? मॅडम पुण्याहून नवा शोध बघायला येतायत आणि मी त्यांना काय दाखवणार, एरंडेल? सरांना अजून सांगितलेलं नाही. गप्प बसले तर कदाचित कुणाला कळणारही नाही. पण गप्प बसायचं म्हटलं की तुझी पाच बोटं डोळ्यापुढं येतात आणि सांगायचं म्हटलं की गंज.

तुझ्यावर रागावायचं ठरवलं होतं. जमत नाहीये, याचाच राग आलाय.

तुझी,
सोनिया

---

देवगाव रंगारी
१४ ऑक्टोबर

चि. सोनिया,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं आणि हे दुपारच्याच टपालात टाकतेय. पोस्टात अजून माझा शब्द चालतो.

माझं चुकलं, पोरी. मला वाटलं कुंकू लावलं की बरकत येते, वारा त्याला अडखळतो हे मला काय ठाऊक. सकाळची भाकरी अजून तशीच ताटात आहे. हे म्हणतात, कडबाकुट्टीलाच लावलं असतंस तर बरं झालं असतं. आज मी त्यांना उलटं बोलले नाही, त्यावरनं समज.

पण सरांना आणि त्या बाईंना सांगून टाक. मी पोस्टात असताना एकदा एक पाकीट चुकून भलत्याच घरी टाकलं गेलं. कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. मी स्वतः त्या घरी गेले, मागून आणलं आणि ज्याचं त्याला दिलं. तो माणूस दारात चार शब्द बोलला आणि चहापण पाजला. तुलाही आधी बोलतील, मग चहा पाजतील.

आणि नाहीच जमलं तर गंज घे. मी पाइपांना बोट लावणार नाही, शपथ.

तुझी,
आत्या

---

हर्सूल
१७ ऑक्टोबर

ती. आत्या,

तुझं पत्र आज सकाळी, मॅडम यायच्या आत पोचलं. देवगावचं पोस्ट इतक्यात बंद पडत नाही.

मी सरांना काल सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे दुपारभर मी लीलाबाईंच्या अंगठ्याशी भांडत होतो." आणि एवढे हसले की त्यांना ठसका लागला. नंतर मात्र चेहरा उतरला. म्हणाले, मॅडम कडक आहेत, तुझं तूच सांग.

मॅडम आल्या. बारीक चणीच्या, खादीची साडी, हसत नाहीत. त्यांनी पर्स खाली ठेवायच्या आत मी सगळं बोलून टाकलं. खंडेनवमी, एरंडेल, तौफिक, पाटी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मी आले कशाला?"

आत्या, उत्तर माझ्याकडं होतं. तुझ्यावर रागवायचा प्रयत्न करताना सुचलेलं. मी म्हटलं, मॅडम, एकच संधी द्या, पातं डोलताना दोन फोटो काढते.

बघ, या कामातली मोठी अडचण अशी की धातू सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. वारा केव्हाच पुढं सरकलेला असतो आणि पातं अजून मघाचीच ऊब सांगत बसतं, शिळी बातमी सांगणाऱ्या शेजारणीसारखं. म्हणून लागोपाठ दोन फोटो काढायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. जे तसंच राहिलं ते कटतं आणि जे हललं तेवढंच उरतं. आजवर माझ्या वजाबाकीत उरायची ती नुसती रांगोळी विस्कटल्यासारखी भुरभुर. त्यातलं खरं काय आणि दिव्यांची चमक काय, ते कळायला काही खूणच नव्हती.

तुझी बोटं ती खूण झाली. बोटांमागं वारा कायम धिंगाणाच घालतो, पातं वर जावो की खाली. म्हणजे वजाबाकीत ती बोटं नाहीशी व्हायला हवीत. आणि उरलेल्या गुळगुळीत जागेत वाऱ्याची रांग जिथं मोडते ती सरकती रेघ दिसायला हवी. म्हणजे रेघ हवी आणि तुझ्या बोटांच्या जागी ती तुटलेली हवी. दिव्यांच्या चमकेला तुझी बोटं कुठं आहेत हे काय ठाऊक?

वजाबाकी केली. पडदा आधी पांढरा झाला. मग एक आडवी रेघ उमटली आणि ती पाच ठिकाणी तुटलेली होती. बरोबर पाच. चार जवळजवळ, एक लांब, आणि मधल्याची फट इवलीशी. पुढची जोडी वजा केली तर रेघ जरा पुढं सरकलेली, त्याच्या पुढची केली तर मागं. पातं डोलत होतं आणि रेघ त्याच्या तालावर येत होती, जात होती. तो वारा होता, आत्या. मला दिसला. मी त्याला बघितलं.

मॅडम पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, त्या इवल्याशा फटीवर पेन टेकवून म्हणाल्या, "हे बोट असं का?" मी कडबाकुट्टीचं सांगितलं. तेव्हा त्या हसल्या. हसत नाहीत म्हणून मघाशी लिहिलं ते खोडायला हवं, पण शाई ओली आहे. म्हणाल्या, त्यांच्या संस्थेत असे फोटो निघाले, पण रेघ खरी की भास हे एवढ्या सरळ कुणी दाखवलं नव्हतं. कॅमेरा पुढच्या दिवाळीपर्यंत इथंच राहणार. विषय माझाच. सर गंजाचं पुस्तक परत करायला गेलेत.

एकच अडचण उरलीय. मॅडमना तस्संच दुसरं पातं तयार करून हवंय आणि सगळं लिहून द्यायचंय. तेव्हा किती कुंकवाला किती एरंडेल, ते नेमकं कळव. तौफिकला मी आजच जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मतलब अगली बार भी नहीं पोंछने का?"

रविवारी दिवाळीला येतेच आहे.

तुझी, सगळ्यात तुझी,
सोनिया

---

देवगाव रंगारी
२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

चि. सोनिया,

तू बाहेर ओसरीवर शेंगा सोलत बसलीयस, तुझा बाप धोंडिबाला तिसऱ्यांदा वजाबाकी समजावतोय आणि मी आत बसून तुला पत्र लिहितेय. वेड लागलंय म्हण. पण पत्राला उत्तर देणं ही आमच्या खात्याची रीत आहे. तू सुट्टी संपवून खोलीवर जाशील तेव्हा हे दारातून आत पडलेलं असेल.

एरंडेलाचं प्रमाण तू आल्यापासून विचारतेयस. खरं सांगू का, बोटाला लागेल एवढं आणि बोटावरून गळणार नाही एवढं. पुण्याच्या बाईंना हे चालत नसेल तर त्यांनी माझं बोट मोजावं, पण मधलं सोडून.

एक गोष्ट तोंडावर बोलायला जमली नाही, ती लिहिते. तुला वाटलं मी त्या दिवशी खिडकीबाहेर बघत होते ते कंटाळून. नाही ग. पाट रिकामा राहणार म्हणून मी घरून निघताना मन घट्ट करून आले होते. आणि त्या पात्याला बोटं लावली तर असं वाटलं, आपल्याला पुन्हा कुठंतरी कामावर घेतलं. डोळे भरून आले. पुसायला गेले असते तर बोटांचं कुंकू डोळ्यात गेलं असतं, म्हणून हात पाठीशी धरून वाऱ्यावर डोळे सुकवत उभी होते. तुझ्या कॅमेऱ्यानं ते पाहिलं असतं तर त्यालाही दिसलं असतं, जिथं वारा लागला तिथं गार झालं ते.

कॅमेरा पुढच्या दिवाळीपर्यंत आहे म्हणतेस. म्हणजे मध्ये एक खंडेनवमी येते. मी पहिल्या एसटीनं निघेन आणि पुरणपोळ्या तौफिकच्याही धरेन. तू खुशाल चहा सांगायला जा. या खेपेला मला तोंड कुठलं, शेपूट कुठलं विचारावं लागणार नाही. पात्याचं कपाळ कुठं असतं ते आता मला ठाऊक आहे.

तुझी,
आत्या